तुम्ही मघाशीच येऊन गेलात

मार्वा क्वाशी माझी शेजारीण. त्रिनिदादमध्ये, अरिमाला, आमच्या दोघींची घरं एकाच कुंपणाला टेकून आहेत. बावीस वर्षांत मी तिच्या तोंडून एकही फुगवलेली गोष्ट ऐकलेली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरांचा भात शिजवणारी बाई ती. भुताखेतांना तिच्याकडे वेळच नाही.

म्हणून सांगते... हे घडलेलं आहे.

२०११ सालचा ईस्टरचा शनिवार. टोबॅगो, आमचं शेजारचं बेट. आणि रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

मला तर तेच जास्त भयंकर वाटतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत मार्वाच्या धाकट्याला, जोमोला, दम्याचा जबरदस्त झटका आला. सहा वर्षांचं पोर. पाच दिवस दवाखान्यात होतं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, याला चार दिवस समुद्रावर न्या. मार्वाच्या नवऱ्यानं, क्लाइडनं, ते लगेच मनावर घेतलं. क्लाइड वेल्डर. बोलतो कमी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. चार वर्षं मुलांना 'पुढच्या ईस्टरला' म्हणून टोलवलं होतं. या वेळी त्यानं फोनवर टोबॅगोत क्राउन पॉइंटला दोन खोल्यांचं घर ठरवून टाकलं.

शनिवारी पहाटेच्या बोटीत गाडी चढवली. पेलाऊ भाताचं पातेलं, चादरी, जोमोचं वाफेचं मशीन, सगळं बरोबर. नऊ वर्षांची अकीला बोटीच्या कठड्याला नाक लावून उभी.

"डॅडी, लोक म्हणतात तसं काल गुड फ्रायडेला समुद्रात उतरलो असतो तर आपण मासे झालो असतो ना?"

"तू आधीच झालीयेस," क्लाइड म्हणाला. "अभ्यास सोडून नुसती पोहतेस."

मार्वा पाव कापत होती. हसता हसता सुरी अंगठ्यात गेली. चांगली खोल. बोटीवरच्या माणसानं पट्टी बांधून दिली. तेव्हा सात वाजून गेले होते, हे तिला पक्कं आठवतं. कारण पट्टी बांधताना त्याच्या मनगटावरचं घड्याळ तिच्या डोळ्यांसमोर होतं.

सात वाजून गेले होते. आणि चारही बाजूंना पाणी होतं.

दहाच्या सुमारास ते क्राउन पॉइंटला घरापाशी पोचले. घरमालक, मिस्टर ऑर्विल, अंगणात पाइपानं झाडांना पाणी घालत होते. मार्वा गाडीतून उतरली, तसा त्यांनी पाइप खाली टाकला.

"आता काय राहिलं, मॅडम?"

"म्हणजे?"

"काही विसरलात का इथे?"

क्लाइड पुढे झाला. "मी क्लाइड क्वाशी. दोन खोल्या ठरवल्यात आम्ही. मंगळवारपर्यंत."

ऑर्विलनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा मार्वाकडे.

"तुमच्या बायकोनं सकाळी येऊन नको म्हणून सांगितलं ना! सातला दार वाजवून उठवलंन् मला. दोन्ही खोल्या फिरून बघितल्या. म्हणाली, ही नाही, दुसऱ्या कुणालाही द्या. मी सॅन फर्नांडोच्या लोकांना दिल्या. ते बघा, सामानसुद्धा लावून झालं त्यांचं."

"सातला आम्ही बोटीवर होतो!"

"मग मी काय स्वप्न बघितलं?" ऑर्विलचा आवाज चढला. "एवेटा! बाहेर ये जरा. ही बाई कोण सांग."

त्याची बायको हात पुसत दारात आली. तिनं मार्वाला खालून वर न्याहाळलं.

"हीच. हाच पिवळा ड्रेस."

मग ती थोडी अजून पुढे आली...

"फक्त सकाळी तुम्ही फार खंगलेल्या दिसत होतात, बाई. आत्ता बऱ्या दिसता."

क्लाइडनं भांडून बघितलं. आवाज चढवला. हात जोडले. पण खोल्यांमध्ये लोक राहायला आले होते. खिडकीतून त्यांचं एक पोर जोमोकडे बघत होतं.

गाडीत बसल्यावर क्लाइड म्हणाला, "तुला जुळी बहीण आहे, हे लग्नाआधी सांगायचंस."

"माझी आई मला एकटीलाच जन्म देऊन दमली."

दोघं हसले. खरंच हसले.

शेवटचं.

ईस्टरला टोबॅगोत खोली मिळणं म्हणजे काय असतं, ते आम्हा त्रिनिदादच्या लोकांनाच माहीत. अर्धं बेट बकऱ्यांच्या शर्यतीसाठी तिकडे लोटतं. रस्त्याकडेच्या झाडाखाली गाडी लावून क्लाइडनं चौदा ठिकाणी फोन केले. बुकूला नाही. प्लिमथला नाही. एक जण तर फोनवरच हसला.

परतीची बोटही नव्हती. मंगळवारआधीच्या सगळ्या जागा गेलेल्या. आणि गाडीत झोपायचं तर जोमोचं मशीन विजेवर चालतं.

पंधराव्या फोनवर मिस लिस्ट्रा भेटल्या. स्कारबरोच्या टेकडीवर राहणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाई. "एक खोली आहे. मुलं दंगा करणारी नाहीत ना? मग या."

वीस मिनिटांचा रस्ता. मार्वानं सगळ्या वाटेवर देवाचे आभार मानले.

मिस लिस्ट्रांनी दार उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आता मन बदललं असेल तर उपयोग नाही. गेली खोली."



"टँटी, मावशी... मी आत्ताच येतेय. आत्ताच फोन केला आम्ही."

"हो. आणि फोन ठेवला नाही तोच दारात उभी. मला वाटलं, कोपऱ्यावरूनच केलास की काय. एकटीच होतीस. चालत." मास्तरीणबाई वर्गात बोलावं तसं एकेक वाक्य सुटं करून बोलत होत्या. "खोली दाखवली. तू पलंगावर हात फिरवलास. उशी उचलून वास घेतलास. मला ते काही आवडलं नाही, स्पष्ट सांगते. मग खिडकीशी जाऊन म्हणालीस, इथून बदामाचं झाड दिसत नाही."

"बदामाचं झाड?"

"मी म्हटलं, बदाम समुद्राकाठी असतात, टेकडीवर कुठले? तर म्हणालीस, मग ही नाही. आणि निघालीस. पाठोपाठ एक जोडपं आलं, त्यांना दिली."

त्यांची नजर मार्वाच्या हातावर गेली. पट्टीतून रक्त पाझरत होतं.

"हे कधी लागलं?"

"आज सकाळी."

मिस लिस्ट्रांनी तो हात उजेडात धरून बघितला. 

"मघाशी तू उशी धरलीस तेव्हा मी तुझा अंगठा बघितला," त्या हळूच म्हणाल्या. "त्यावर खूण होती. पण जुनी. भरून आलेली. वर्षं झाल्यासारखी."

मग त्यांनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि दार लावून घेतलं.

मार्वा पायरीवर तशीच उभी राहिली. डोक्यावर दुपारचं ऊन तापत होतं, आणि तिच्या हातांवर काटा आला होता.

गाडीत तिनं क्लाइडला सगळं सांगितलं. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत ऐकत होता. मग म्हणाला, "कुणीतरी आपली मस्करी करतंय."

"कोण? आपल्याला इथे ओळखतं कोण?"

त्यानं गाडी सुरू केली.

मागच्या सीटवर जोमो खोकला.

एकदाच. पण त्या खोकल्याची जात मार्वाला चांगली ठाऊक होती.

मग ते बेटाच्या पूर्व टोकाकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्याला लागले. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाली समुद्र. प्रत्येक गावात मार्वा उतरायची. दिसेल त्या घराचं दार वाजवायची. पडवीत झोपू, स्वयंपाकघरात झोपू, फक्त विजेचा एक प्लग द्या. लोक चांगले होते. कुणी पाणी दिलं, कुणी गोड पाव दिला. पण प्रत्येक घरात पाहुण्यांचे पाहुणे भरलेले.

आणि दोन घरांत तर तिला बघताच बायका म्हणाल्या, "पुन्हा आलीस?"

तिनं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. तशीच वळली.

अकीला रडवेली झाली होती. "मम्मी, आपण पोहणार कधी?" जोमोच्या छातीत आता शिटी वाजायला लागली होती. मार्वा दर मिनिटाला मागे वळून बघत होती. त्याचे खांदे श्वासाबरोबर वर उचलले जात होते. दम्याच्या पोराच्या आईला विचारा, ते खांदे काय असतात.

चार वाजता डेलाफर्डला एका दुकानावर पाटी दिसली. वरच्या मजल्यावर खोल्या.

दुकानदाराचं नाव फेलिक्स. जाडजूड, घामेजलेला माणूस. मार्वा आत शिरली तेव्हा तो काउंटर पुसत होता. त्यानं मान वर केली...

आणि त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"बाई, तुम्ही बऱ्या आहात ना आता?"

मार्वाला काही विचारायची गरजच उरली नाही. तिनं काउंटर घट्ट धरला.

"किती वेळ झाला?"

"काय?"

"मी येऊन गेले त्याला... किती वेळ झाला?"

फेलिक्स क्लाइडकडे बघायला लागला. ही बाई शुद्धीवर आहे का, असं.

"दहा मिनिटं. फार तर. वर गेलात, खाली आलात. इतक्या रडत होतात की मी खुर्ची दिली. तर म्हणालात, इथेही नाही, इथेही नाही. मग बाहेर पडलात. आणि तेवढ्यात ही दोन पोरं मोटारसायकलवरून आली, चावी घेऊन गेली." त्यानं वर बोट दाखवलं. वर गाणी लागली होती.

मार्वा तिथेच जमिनीवर बसली. चारशे पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई. दुकानाच्या फरशीवर फतकल मारून रडायला लागली.

"काय केलंय मी तिचं? का माझ्या पोराची खोली घालवतेय ती?"

फेलिक्सला काही कळलं नाही, पण जोमोचा श्वास त्याला ऐकू आला. त्यानं निमूटपणे फ्रिजची पिन काढली आणि मशीन लावायला सांगितलं. काउंटरवर बसवून पोराला वाफ दिली. शिटी जरा कमी झाली. पण चार तासांनी पुन्हा द्यावी लागणार होती. मग पुन्हा चार तासांनी.

"चार्लटविलला जा," फेलिक्स म्हणाला. "रस्ता संपतो तिथे. खाडीच्या वर मिस एनिडचं घर आहे. वर एकच खोली. म्हातारी ती सहसा कुणाला देत नाही, पण पोराकडे बघून देईल."

क्लाइडनं त्याचा हात हातात घेतला. "फार उपकार झाले, भाऊ."

"उपकार कसले." फेलिक्सनं मार्वाकडे बघितलं, मग नजर चुकवली. "मघाशी यांनाही तेच सांगितलं मी."

गाडी सुरू करून क्लाइड तसाच बसून राहिला.

"मार्वा, नको जायला."

"मग कुठे जाऊ? सांग ना! कुठे नेऊ याला?"

"ती तिथे आधीच गेली असेल."

"जाऊ दे. या वेळी मी तिला धरते. मी तिला विचारते."

ती खरंच तसं म्हणाली. मला सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटली. पण त्या क्षणी भीती उरलीच नव्हती, म्हणाली. नुसता संताप. एक खोली हवी होती. एका पोरापुरती.

साडेपाचला ते चार्लटविलला पोचले. ऊन पिवळं झालं होतं. खाडीत होड्या परतत होत्या, किनाऱ्यावर कुणीतरी मासे भाजत होतं, पोरं पाण्यात ओरडत होती. सगळं कसं... सुट्टीत असावं तसं.

मिस एनिडचं घर चढावर होतं. लाकडी, निळं. बाजूनं वर जाणारा एकच जिना.

आणि वरच्या खिडकीला टेकून बदामाचं झाड.

मार्वानं ते गाडीतूनच बघितलं. क्लाइडनंही बघितलं. 

"तुम्ही आत बसा," तिनं मुलांना सांगितलं. "काचा वर करा. कुणीही हाक मारली तरी उतरायचं नाही."

"तू मारलीस तरी?" अकीलानं विचारलं.



"मी मारली तरी."

मिस एनिड जिन्याच्या पहिल्या पायरीला खुर्ची लावून बसल्या होत्या. सत्तरीच्या. मांडीवर इनॅमलचं भांडं, त्यात तुरीचे दाणे सोलत होत्या. पावलांचा आवाज आला तशी त्यांनी मान वर केली.

हात थांबले.

त्यांनी जिन्याकडे बघितलं. मग मार्वाकडे. मग पुन्हा जिन्याकडे.

"अगं... तू खाली कशी उतरलीस? मी तर इथेच बसलेय."

मार्वानं जिन्याच्या वरच्या टोकाकडे बघितलं.

"तिकडून दुसरी वाट नाही, बाळ. माझ्या अंगावरूनच जावं लागतं." म्हातारीचा आवाज कापायला लागला. "आणि तू एकटी आहेस म्हणालीस ना? एकटीच गेलीस वर. माझ्यासमोर गेलीस."

"टँटी, मी..."

"मग वर पोर कुठून आलं?"

वर...

लाकडी जमिनीवर पावलं वाजली. लहान. अनवाणी. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धावत गेली.

थांबली.

मार्वा गर्रकन गाडीकडे वळली. मागच्या काचेत दोन डोकी होती. एक. दोन. अकीला आणि जोमो. तिनं पुन्हा मोजली. एक. दोन. तिसऱ्यांदा मोजली.

"मी बघतो," क्लाइड म्हणाला.

"नको. क्लाइड, नको!"

पण तो चढायला लागला होता. तिनं म्हटलं होतं ना, मी तिला धरते, मी तिला विचारते? तिचे पाय जिन्याखाली खिळून राहिले. एक पायरी चढवेना.

वर दार करकरलं. क्लाइड उंबऱ्यातच थांबला असावा. आत गेल्याचा आवाज आला नाही.

मग आतून एक बाई बोलली.

"क्लाइड?"

तो आवाज मार्वाचा होता.

दिवसभर राबून घरी आल्यावर, चपला काढता काढता ती नवऱ्याला हाक मारते, तसा. दमलेला. आपला आवाज असा बाहेरून ऐकू आला की कसं वाटतं, हे मला सांगता येणार नाही, ती म्हणाली. जणू मी मेलेय आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

"हळू बोल," वरचा आवाज म्हणाला. "लेकरू आता कुठे सापडलंय."

मग वर एक लहान मूल बोललं.

दोनच शब्द. किंवा तीन.

पण नेमक्या त्याच क्षणी मिस एनिडच्या मांडीवरून भांडं घसरलं. खणाणत दगडावर आपटलं, गोल गोल फिरत राहिलं, दाणे चहूकडे उधळले. ते भांडं थांबेपर्यंत वरचा आवाज विरून गेला होता.

मार्वाला शब्द कळले नाहीत. आवाज कुणाचा, तेही कळलं नाही.

क्लाइडला कळलं.

तो खाली आला तेव्हा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, म्हाताऱ्यासारखा. 

"गाडीत बस."

"काय होतं वर? क्लाइड, कोण होतं?"

"गाडीत बस, मार्वा."

"अरे, रात्र होईल! जोमोला..."

त्यानं तिचा दंड धरला. लग्नाच्या अकरा वर्षांत त्यानं तिला तसं कधी धरलं नव्हतं.

मिस एनिड भिंतीला टेकून उभ्या होत्या. "आणि... आणि हिचं मी काय करू?" त्यांनी वर बोट दाखवलं.

क्लाइडचे डोळे भरले होते.

"राहू द्या तिला," तो म्हणाला. "दार उघडू नका. तिला राहू द्या."

गाडी वळवताना मार्वानं वर बघितलं नाही. बदामाची पानं काचेला घासून गेली, तेवढं ऐकलं. अकीला मागून विचारत होती, "डॅडी, तुम्ही का रडताय?" क्लाइड गाडी चालवत होता. तो आरशातून सारखा मागे बघत होता.

स्पेसाइडला पोचेपर्यंत अंधार पडला. जोमोची शिटी परत सुरू झाली होती. रस्त्याकडेला बॅप्टिस्टांच्या एका छोट्या चर्चमध्ये दिवे दिसले. आतून घंटा आणि गाणं ऐकू येत होतं. ईस्टरचं जागरण होतं. क्लाइडनं पोराला उचललं आणि सरळ आत शिरला.

पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांनी वाट करून दिली. त्यांची प्रमुख, मदर युडोरा, काही विचारत बसली नाही. पंख्याची पिन काढून मशीन लावलं. मार्वाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, तू कुठून आलीस ते नको सांगूस. बस."

तीन रात्री त्यांनी चर्चमागच्या खोलीत, बाकांवर काढल्या. जोमोला उतार पडला. सोमवारी तर तो अंगणात कोंबड्यांमागे पळत होता.

पण क्लाइडनं मुलांना समुद्रात पाऊल टाकू दिलं नाही. अकीलानं आदळआपट केली, जेवण टाकलं. "टोबॅगोला येऊन समुद्र नाही?" तो ऐकेना. मंगळवारी बोटीवर तो दोघांना घेऊन अगदी मधल्या रांगेत बसला, खिडकीपासून लांब, आणि अडीच तास जागचा हलला नाही.

दोन आठवड्यांनी मिस एनिडचा फोन आला. मदर युडोराकडून नंबर मिळवला होता.

रविवारी सकाळी गावातल्या दोघांना बोलावून दार उघडलं, म्हातारी म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं. जिन्यावरून कुणी उतरलं नव्हतं. रात्रभर खुर्ची सोडली नव्हती मी. चादर मात्र विस्कटलेली होती. पलंगाच्या मधोमध एक मोठा खळगा. त्याच्या कुशीत एक लहान.

"त्या संध्याकाळी तुम्ही गेल्यावर मी जिन्याकडे पाठ न करता रस्त्यापर्यंत आले होते," मिस एनिड सांगत होत्या. "वर बघितलं. खिडकीत ते लेकरू उभं होतं. तुमच्या गाडीकडे बघत होतं. मी त्याचं तोंड नीट बघितलंय, बाळ. आणि तुझी दोन्ही मुलं मी गाडीत बघितली होती. कुणासारखं होतं, सांगू का तुला? तुला माहीत असलेलं बरं, म्हणून..."

मार्वानं फोन ठेवला.

तो पुन्हा वाजला. पुन्हा. संध्याकाळपर्यंत वाजत राहिला. तिनं उचलला नाही. दोन वर्षांनी मिस एनिड वारल्या.

हे सगळं मार्वानं मला आठ वर्षांनी सांगितलं. कपडे वाळत घालता घालता, कुंपणापाशी, भर सकाळी. दोन्ही मुलं धडधाकट होती. अकीला सतरा वर्षांची, कॉलेजच्या पोहण्याच्या चमूत. जोमो चौदाचा. पंप खिशात ठेवून फुटबॉल खेळायचा.

"क्लाइडला विचारलंस कधी?" मी म्हटलं.

"नाही."

"त्यानं सांगितलं नाही?"

"मी विचारलं तर सांगेल. म्हणून विचारत नाही." तिनं चिमटा तोंडात धरला, चादर झटकली. तिच्या अंगठ्यावरची ती खूण आता जुनी दिसत होती, भरून आलेली. "दोघांवर सारखाच जीव आहे माझा. दोघांसाठी सारखीच घाबरते. वर दोघांतलं कोण होतं ते एकदा कळलं ना, तर मग सारखं राहणार नाही."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण क्लाइडचं वागणं बदललंय. कळतं मला. रात्री उठून मुलांच्या खोलीत जातो, आणि एकाच पलंगापाशी उभा राहतो. पावलं कुठे थांबतात ते ऐकू येऊ नये म्हणून मी उशी कानावर घेते. चौघं बाहेर पडलो की मी मुद्दाम पुढे चालते. मागे वळून बघत नाही."



ती पुढे चालते, हे खरं आहे. दर रविवारी चर्चला जाताना मी त्यांना खिडकीतून बघते. पुढे मार्वा, ताठ मानेनं. मागे ती तिघं. मोठा रस्ता आला की क्लाइड हात पुढे करतो आणि एकाच लेकराचा हात धरतो. घट्ट. एवढं मोठं झालेलं लेकरू, लाजतं, हात सोडवून घ्यायला बघतं. तो सोडत नाही.

कुणाचा, ते मला दिसतं.

मार्वाला मी सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

पण ते लेकरू कुंपणावरून हाक मारून हसलं की हल्ली मला त्याच्याकडे बघवत नाही...